नशेतला होकार हा होकार नसतो

पावसाळा लागला की कार्ला, भाजे, लोणावळा या पट्ट्यात माणसांइतकेच कॅमेरे येतात. मळवली स्टेशनपासून वेहेरगावच्या पायथ्यापर्यंत आणि एकवीरेच्या पायऱ्यांपासून लेण्यांपर्यंत प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. डोंगराचे, धुक्याचे, चैत्यगृहाचे फोटो जरूर काढावेत. पण हाच मोबाईल रस्त्याकडेला दारू पिऊन पडलेल्या माणसावर रोखला जातो, तेव्हा तो आरोग्याचा प्रश्न होतो. कोणी त्याला 'बेवडा' म्हणून रीलमध्ये घालतो, कोणी 'वस्तीचे वास्तव' म्हणून माहितीपटात. पहिल्याचा हेतू टवाळीचा असतो, दुसऱ्याचा प्रबोधनाचा. चित्रात सापडलेल्या माणसाचे मात्र दोन्हीकडे सारखेच नुकसान होते. तो शुद्धीवर नसताना त्याचा चेहरा आणि त्याचे दुःख कोणीतरी उचलून नेलेले असते.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे आता आपल्या वस्त्यांमध्येही बहुतेकांना पटू लागले आहे. मग आजारी माणसाचे चित्रीकरण करताना जे नियम आपण टीबीच्या किंवा कॅन्सरच्या रुग्णाला लावू, तेच दारूच्या रुग्णाला का लावत नाही, याचा विचार आज आपण करू.

'त्यानेच हो म्हटले होते'

शूटिंग करणाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते, "आम्ही विचारले होते, त्यानेच हो म्हटले." या 'हो'ची वैद्यकीय किंमत काय, ते पाहू.

दारू मेंदूत पोहोचली की बरे-वाईट तोलण्याची आणि परिणामांचा विचार करण्याची शक्ती लवकर ढिली पडते. माणूस बोलका होतो, गळ्यात पडतो, "काढा ना फोटो, मी कोणाला भितो?" म्हणतो. पुष्कळ दारू भराभर प्यायली तर आणखी एक गोष्ट घडते. माणूस चालतो, बोलतो, प्रश्नांना उत्तरे देतो, पण मेंदू त्यातले काहीच साठवत नाही. डॉक्टर याला ब्लॅकआउट म्हणतात. अशा अवस्थेत त्याने कागदावर सही केली, तरी दुसऱ्या दिवशी आपण सही केली हेसुद्धा त्याला आठवत नाही.

दारू उतरल्यावर तरी विचारावे का? तेथेही घाई धोक्याची आहे. रोज पिणाऱ्याची दारू थांबली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, जीव घाबरा होतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, आपण कोठे आहोत हे कळत नाही. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास ती जीवघेणी ठरू शकते. अनेक वर्षे दारू आणि अपुरे जेवण यांमुळे शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी पडले, तर स्मरणशक्तीही खालावते. म्हणजे तोंडाला वास येत नाही एवढ्यावरून माणूस विचार करून संमती देऊ शकतो, असे ठरत नाही.

शिवाय गरज असते ती वेगळीच. सकाळी हात थरथरत असलेल्या माणसापुढे कोणी शंभराची नोट किंवा क्वार्टर धरली, तर तो कशालाही हो म्हणेल. हा होकार त्याच्या आजाराने दिलेला असतो. दारू पाजून मुलाखत घेणे म्हणजे तर रुग्णाचा आजार वाढवून त्याचे चित्र विकणे होय.

एका माहितीपटाचा धडा

हा पेच जगभरच्या माहितीपटकारांपुढे आला आहे. २००६ साली ब्रिटनमध्ये बीबीसीने 'रेन इन माय हार्ट' हा माहितीपट दाखवला. दिग्दर्शक पॉल वॉटसन याने केंट परगण्यातल्या मेडवे मेरिटाइम रुग्णालयात दारूमुळे दाखल झालेल्या चार रुग्णांचे चित्रीकरण केले. रुग्णालयात आणि घरी गेल्यावरही कॅमेरा त्यांच्यासोबत राहिला. चित्रीकरणाच्या काळातच चौघांपैकी दोघांचा मृत्यू झाला.

या माहितीपटाबद्दल आजही दोन मते आहेत. एक मत असे की, दारूने यकृत कसे जाते, घर कसे मोडते, सुटलेला माणूस पुन्हा कसा ओढला जातो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवले गेले होते. चौघांची परवानगीही होती. दुसरे मत असे की, माणूस पुन्हा बाटली उघडत असताना समोरच्याने कॅमेरा चालू ठेवावा, की उठून त्याला थांबवावे? वॉटसन स्वतः पडद्यावर येऊन आपण या लोकांचा वापर तर करत नाही ना, हा प्रश्न मांडतो. त्याने प्रश्न लपवला नाही, हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण प्रश्न मांडल्याने त्याचे उत्तर मिळत नाही. चौघांचे डॉक्टर होते, रुग्णालय होते, मोठी प्रसारण संस्था जबाबदार होती. एवढे असूनही जिथे शंका उरते, तिथे मोबाईल घेऊन वस्तीत तासभर येणाऱ्याला तर कोणी जाब विचारणाराही नसतो.

कॅमेरा कोणाकडे वळतो?

लोणावळा परिसरातल्या बंगल्यांत शनिवार-रविवारी किती दारू रिचवली जाते, हे येथल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे. तिथे कोणी माहितीपट काढायला जात नाही. फाटकावर रखवालदार असतो, आत वकील ओळखीचा असतो. कॅमेरा वळतो तो नाक्यावरच्या मजुराकडे, वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाकडे, आपल्या वस्तीकडे. बंगल्यातल्याची 'पार्टी' होते, वस्तीतल्याचा 'बेवडा' होतो. आणि त्याच्या एका चित्रावरून सगळ्या वस्तीवर, सगळ्या जातीवर शिक्का बसतो. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले ते आपले दुःख आपण आपल्या तोंडाने सांगावे म्हणून. शंभर वर्षांनंतरही आपले दुःख कोणी सांगायचे, कसे सांगायचे हे दुसऱ्याने ठरवावे, हे आपण मान्य करू नये.

बाहेरच्यांकडे बोट दाखवताना आपल्या मंडळांकडेही पाहू. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात एखाद्याला मंचावर उभे करून शपथ द्यायची, त्याचा फोटो 'आधी' आणि 'नंतर' असा गटावर टाकायचा, असे प्रकार चांगल्या हेतूनेच होतात. पण हा आजार पुन्हा उलटू शकतो. उलटला, तर त्या माणसाला सगळ्या गावापुढे खोटे पडल्यासारखे वाटते, आणि मग तो मदत मागायला परत येत नाही. पाचवे शील पाळायला एखाद्याला मदत करताना दुसरे शील मोडून चालणार नाही. जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे माणसाच्या चित्रालाही लागू आहे.

लाज हीच उपचाराला अडसर

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला तरी उपचार मिळालेला असतो. केंद्रे कमी आहेत, पैसा नसतो, ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला लाज असते. व्हायरल झालेला व्हिडिओ ती लाज दसपट करतो. माणूस पुढे पाच वर्षे दारूला शिवला नाही, तरी व्हिडिओ तसाच फिरत राहतो. तो कामाच्या ठिकाणी पोहोचतो, मुलीच्या स्थळाकडे पोहोचतो, शाळेत मुलाच्या मित्रांच्या हाती पडतो. कधी घरचे संतापून त्याला खोलीत कोंडतात आणि दारू एकदम तोडतात. वर सांगितलेले फिट आणि भ्रम अशा वेळीच जीवावर बेततात. रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. या कायद्याच्या कलम २४ नुसार, उपचार केंद्रात असलेल्या रुग्णाचा फोटो किंवा त्याच्याविषयीची माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. केंद्राचा चालक 'आमच्या प्रचारासाठी' म्हणून शूटिंग करू देत असेल, तर नातेवाइकांनी हे कलम दाखवावे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. हा अधिकार बंगल्यात राहणाऱ्याला आहे तसाच फूटपाथवर झोपणाऱ्यालाही आहे.

मग हे दुःख सांगायचेच नाही का?

सांगायलाच हवे. लपवलेला आजार वाढतो. पण सांगण्याच्या रीती आहेत. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. दारूने संसाराची राख कशी होते, हे त्या नाटकाने पिढ्यान्‌पिढ्या दाखवले, आणि त्यासाठी कोणत्याही खऱ्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणावी लागली नाही. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' सुरू झाले. तेथे बरे झालेले अनेक जण पुढे समुपदेशक होऊन आपला अनुभव नव्या रुग्णांना सांगतात. पूर्ण शुद्धीत, स्वतःहून आणि दुसऱ्याच्या उपयोगासाठी सांगितलेली ही गोष्ट असते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेचा तर नियमच आहे की, वर्तमानपत्र, रेडिओ, चित्रपट यांत सदस्याची ओळख उघड करायची नाही.

आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही हेच दिसते. खांबांवर, दाराशी ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली आहेत. धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, दाराचे काम करणारा सुतार आहे. साध्या कष्टकऱ्यांची ही नावे दोन हजार वर्षे टिकली, कारण त्यांनी काही दिले आणि आपल्या नावाने दिले. माणसाचे नाव आणि चेहरा जगापुढे यायचा तर असा यावा.

माणूस पडलेला दिसला तर

मोबाईल काढायचाच असेल तर १०८ ला फोन करण्यासाठी काढा. हाक मारा, खांदा हलवा, श्वास पाहा. श्वास चालू असेल आणि मार लागल्याची खूण नसेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. पाणी, लिंबू, ताक काहीही पाजू नका. अंगावर पाणी ओतू नका, पावसात पडलेला असेल तर कोरड्यात घ्या. जागा होत नसेल, श्वास फार हळू चालत असेल, ओठ निळे पडले असतील किंवा डोक्याला जखम असेल, तर थांबू नका, दवाखान्यात न्या. दारू प्यायल्यासारखा वाटणारा माणूस साखर उतरल्याने, लकव्याने किंवा डोक्याला मार लागल्यानेही पडलेला असू शकतो.

शूटिंगवाले दारात आले तर

हे प्रश्न विचारा, आणि उत्तरे लेखी घ्या:

१. संमती घेताना माणूस किती दिवस दारूपासून दूर होता? तो संमती देण्याच्या स्थितीत आहे, असे डॉक्टर किंवा समुपदेशक सांगतात का?

२. चित्रीकरणापूर्वी एकदा आणि चित्र तयार झाल्यावर त्याला दाखवून पुन्हा एकदा, अशी दोनदा परवानगी घेणार का?

३. नंतर नको वाटले, तर त्याचा भाग काढून टाकणार का? तो मरण पावला, तर निर्णय कोणाचा?

४. चेहरा, आवाज, घराचा पत्ता, वस्तीचे नाव लपवणार का? मुलांचे चेहरे येणार नाहीत ना?

५. शूटिंगच्या वेळी तब्येत बिघडली, तर कॅमेरा बंद करून मदत कोण करणार?

६. चित्र कोठे दाखवणार, आणि त्यातून मिळणाऱ्या पैशाचे काय होणार?

उत्तर टाळले, तर नम्रपणे नकार द्या. महिला मंडळाने आणि विहार समितीने हे प्रश्न कागदावर लिहून विहारात लावून ठेवावेत. आपल्या मोबाईलवर असा व्हिडिओ आला तर तो पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला फोन करून काढायला सांगा. आणि त्या माणसाच्या घरी, चित्राचा विषयही न काढता, एवढाच निरोप पोहोचवा: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, फोन मोफत आहे, आणि दवाखान्यात सोबत यायला आम्ही आहोत.