सह्याद्रीच्या पायवाटा : आनंद आणि जतन

सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या गावातून निदान एक तरी पायवाट डोंगराकडे निघते. कोणत्याही अंदाजपत्रकात तिची नोंद नसते, तिच्या उद्घाटनाची कोनशिला कोठे आढळत नाही आणि ती प्रथम कोणी आखली हेही सांगता येत नाही. गुरे चारावयास नेणारे गुराखी, मोळी आणणाऱ्या स्त्रिया, घाटावरच्या बाजाराला निघालेले कोकणातील शेतकरी, देवाच्या यात्रेला जाणारे भाविक यांच्या पावलांनी ती मळत गेली. गेल्या काही दशकांत या वाटसरूंमध्ये आणखी एकाची भर पडली आहे. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतून पाठीवर पिशवी घेऊन येणारा हा पदयात्री होय. डोंगरमाथ्यावर त्याचे काही काम नसते. मोकळी हवा, हिरवळ, पाखरांचे आवाज आणि घाम गाळून माथा गाठल्याचे समाधान एवढ्यासाठीच तो येतो.

हा आनंद कमी खर्चाचा आहे. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही की मोठ्या इमारती उभाराव्या लागत नाहीत. लागते ती फक्त वाट. परंतु वाटेचे गणित थोडे विचित्र आहे. कोणीच चालले नाही तर ती झाडोऱ्यात बुजून जाते किंवा कोणाच्या तरी कुंपणात गडप होते; आणि बेसुमार माणसे चालली तर ती झिजून, खचून निकामी होते. या दोन्ही संकटांपासून तिला वाचवणे हे मुख्यतः स्थानिक पातळीवरचे काम आहे. म्हणून ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि तालुक्याच्या पातळीवरील अधिकारी यांनी या विषयाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

घाटवाटांचा वारसा

नाणेघाटाचे उदाहरण यासाठी उद्बोधक ठरेल. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून निघून जुन्नरच्या बाजूला माथ्यावर पोहोचणारी ही वाट सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, भरात होती. कल्याण आणि सोपारा या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नरकडे व पुढे पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख असून त्यात यज्ञांचे व दिलेल्या दानांचे वर्णन आहे. दानाचे आकडे त्यात अंकचिन्हांनी लिहिलेले असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखाला महत्त्व आहे. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे लोक परंपरेने सांगतात. गणिताच्या शिक्षकाला विद्यार्थ्यांना घेऊन जाण्यासाठी याहून चांगले ठिकाण क्वचितच सापडेल.

पुढे काळ बदलला. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वेगाडी धावू लागली, ठिकठिकाणी मोटाररस्ते झाले आणि व्यापाराची वर्दळ घाटवाटांवरून हटली. उरल्या त्या आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या गरजा. आता वाड्यावस्त्यांनाही रस्ते पोहोचत असल्यामुळे अनेक वाटांवरची उरलीसुरली वर्दळही संपत आली आहे. ज्या वाटा गिर्यारोहकांच्या आवडीच्या ठरल्या त्या टिकल्या. बाकीच्यांची माहिती गावातील दोन-चार वृद्धांकडेच उरली आहे. ती लिहून ठेवण्याचे काम शाळेतील मुले एका सुट्टीत सहज करू शकतील.

वाटेवरची शाळा

मोटारीतून जाणाऱ्याला डोंगर दिसतो, पायी चालणाऱ्याला त्यातील एकेक गोष्ट भेटते. कारवीचेच पाहा. सह्याद्रीच्या उतारांवर दाट माजणारे हे झुडूप साधारणपणे सात वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षी डोंगर जांभळा होतो, मधमाश्यांची धांदल उडते आणि बी धरल्यानंतर ती सारी पिढी वाळून जाते. हिच्याच काठ्यांनी डोंगराळ भागात कुडाच्या भिंती विणल्या जातात. कारवीची मुळे उतारावरील माती धरून ठेवतात, हे तर तिचे सर्वांत मोठे काम. वाट सोडून आडवेतिडवे चालणारा पर्यटक नव्याने उगवलेली रोपे तुडवतो, तेव्हा तो नकळत पुढच्या बहराचीच हानी करीत असतो.

भीमाशंकरच्या अरण्यात राज्यप्राणी शेकरू फांद्यांवरून झेपावताना दिसते. तिची गोल घरटी उंच झाडांवर असतात आणि ती पाहण्यासाठी मान वर करून थोडा वेळ स्तब्ध उभे राहावे लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात, भंडारदऱ्याच्या आसपास, पावसाच्या तोंडावर लक्षावधी काजवे झाडांवर लुकलुकतात. हे दृश्य पाहण्यासाठी आता मोठी गर्दी होते. पण काजव्याचा प्रकाश ही शोभेची रोषणाई नव्हे. नर ठराविक लयीत प्रकाशतो आणि मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. त्यातून त्यांचे मीलन घडते. मोटारींचे दिवे आणि विजेऱ्यांचे झोत यांच्या उजेडात हे संकेत हरवतात. वाहने दूर ठेवून, दिवे मालवून, अंधाराला डोळे सरावल्यावर पाहिले तरच काजवे नीट दिसतात आणि टिकतातही.

वाट का खचते

डोंगरवाटेचा खरा शत्रू माणसाचे पाऊल नसून पाणी आहे. पावलांनी माती दाबली जाते, गवत नाहीसे होते आणि वाटेला पन्हळीचा आकार येतो. पावसाचे पाणी मग उतारावर पसरण्याऐवजी या पन्हळीतूनच धावू लागते. एका पावसाळ्यात बोटभर खोल असलेली चीर तीन-चार पावसाळ्यांत घळीचे रूप घेते. घळीतून चालणे अवघड झाले की लोक तिच्या कडेने चालतात, कडेचे गवत मरते आणि शेजारी दुसरी पन्हळ तयार होते. गर्दीच्या गडांवर एका वाटेच्या जागी चार-पाच समांतर चरे पडलेले दिसतात, ते याच क्रमाने. वळणे टाळून सरळ खाली उतरण्याची नव्या पर्यटकांची हौस या विनाशाला मोठाच हातभार लावते. नागमोडी वाटेला मधून छेद दिला की पाण्यालाही तोच सोपा मार्ग सापडतो.

जुन्या घाटवाटा बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी चढ सौम्य ठेवून वळणे घेतली आणि अवघड टप्प्यांवर दगडांची फरसबंदी केली. नाणेघाटात ती अजूनही पायाखाली येते. आज दुरुस्ती करतानाही तेच तत्त्व लागू पडते. वाटेवर ठराविक अंतराने तिरकस दगडी ओळ बसवून पाणी बाजूच्या उतारावर सोडावे. घळ पडलेल्या जागी स्थानिक दगडांच्या पायऱ्या रचाव्यात. छेदवाटांच्या तोंडाशी काटेरी फांद्या व दगड टाकून त्या बंद कराव्यात. याला फारसा पैसा लागत नाही, मात्र दरवर्षी लक्ष द्यावे लागते. ताल घालण्याचे व बांध रचण्याचे कसब आपल्या डोंगरी शेतकऱ्यांच्या हाती आहेच.

याउलट सर्रास सिमेंटच्या पायऱ्या करण्याकडे सध्या कल दिसतो. जेथे वृद्ध भाविक हजारोंच्या संख्येने जातात तेथे पायऱ्या व कठडे आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. राज्यातील सर्वांत उंच, १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावर नवरात्रात मोठी यात्रा भरते आणि तेथील उभ्या कातळटप्प्यांवर बसविलेल्या लोखंडी शिड्यांमुळे असंख्य लोकांची सोय झाली आहे. परंतु प्रत्येक रानवाटेला सिमेंटचा मुलामा देणे म्हणजे तिचे वाटपणच घालविणे होय. जुलै २०२५ मध्ये शिवकालाशी निगडित १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड, शिवनेरी यांच्यासह ११ किल्ले महाराष्ट्रातील आहेत. तेथील वाटांच्या दुरुस्तीत तर अधिकच विवेक हवा.

नकाशावरील तुटक रेषा

पायवाट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न गावोगाव तंट्याचे कारण होतो. शहरी मंडळी डोंगरपायथ्याच्या जमिनी विकत घेऊन कुंपण घालतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका रात्रीत बंद होते. अशा वेळी प्रथम गावनकाशा पाहावा. भूमापनाच्या मूळ नकाशांत गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा इतर कोणाच्या मालकीच्या नाहीत त्या शासनाच्या आहेत. शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मिळवून देण्याचा अधिकार याच अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांना आहे. असलेल्या वाटेत अडथळा निर्माण केला गेल्यास तो दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ उपयोगी पडते. मात्र या कलमाखाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, हे अनेकांना उशिरा कळते.

नकाशावर नसलेल्या, केवळ वहिवाटीच्या वाटांची स्थिती अधिक नाजूक असते. ग्रामसभेने अशा वाटांची यादी ठरावाने नोंदवून ठेवली तर निदान लेखी पुरावा तरी राहतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयास हवी. त्या नोंदवहीत देवराया, पाणवठे यांच्याबरोबर त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटाही नमूद करता येतील. अभयारण्याच्या हद्दीतील वाटांची गोष्ट वेगळी आहे. तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्याने प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते.

पावसातील दक्षता

पावसाळा हा सह्याद्री पाहण्याचा ऋतू आणि अपघातांचाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा दुर्घटनांमागील कारण समजून घेतले पाहिजे. घाटमाथ्यावरील ओढ्यांचे पाणलोट लहान आणि उतार तीव्र असतो. वर पठारावर जोराची सर आली की ते पाणी काही मिनिटांतच खाली येते. त्या वेळी खाली उभे असलेल्यांच्या डोक्यावर कदाचित पाऊसही नसतो. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पालापाचोळा वाहून येऊ लागला, की क्षणाचाही विलंब न लावता पात्राबाहेर पडणे हाच उपाय.

दुर्घटनेनंतर प्रवेशबंदीचे आदेश निघतात आणि धोक्याच्या काळात ते योग्यही आहेत. परंतु बंदीने माहितीची जागा भरून निघत नाही. कर्जत तालुक्यातील खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा जातात. गणेश घाटाची वाट लांबची पण सोपी. शिडी घाटाची जवळची पण कातळातून चढणारी आणि पावसात निसरडी. हा भेद जेथे वाट फुटते तेथेच, मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेला असेल तर नवख्याचा जीव वाचू शकतो. वर जाण्यास लागणारा वेळ, पाणी कोठे मिळेल, परतीला केव्हा निघावे, एवढा मजकूर फलकावर पुरे. गावातील जाणकार तरुण वाटाड्या म्हणून सोबत घेणे हे तर सर्वांत उत्तम. पैसे घेऊन सहली नेणाऱ्या संस्थांसाठी शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणीची व सुरक्षेची तरतूद आहे. आपल्या हद्दीत येणाऱ्या संस्थेकडे नोंदणी आहे काय, हे विचारण्यास ग्रामपंचायतीने संकोच करू नये.

गावाचा वाटा

पायी येणारा पर्यटक गावात थांबतो. सकाळी चहा-पोहे, दुपारी पिठले-भाकरी, क्वचित रात्रीचा मुक्काम अशी त्याची गरज असते आणि ती गावातील चुलीवर भागते. गाडी थेट माथ्यापर्यंत नेणारा रस्ता झाला की हाच पर्यटक गावातून धूळ उडवीत निघून जातो. डोंगरावर रस्ता मागताना या हिशेबाचाही विचार व्हावा. माथेरानमध्ये खासगी मोटारी दस्तुरीच्या पलीकडे जाऊ दिल्या जात नाहीत. तरीही, किंबहुना त्यामुळेच, लोक तेथे जातात.

साताऱ्याजवळील कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. फुलांच्या हंगामात तेथील रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात येते, शुल्क घेतले जाते आणि व्यवस्थेत परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचा सहभाग असतो. प्रत्येक गावाला हे प्रमाण झेपणार नाही. परंतु वाहनतळाचे माफक शुल्क घेऊन त्यातून कचरा परत आणण्याची आणि एका शौचालयाची सोय करणे लहान ग्रामपंचायतीलाही शक्य आहे. शौचालयाचा मुद्दा मुद्दाम मांडला आहे. महिला व शाळकरी मुली यांच्या सहली ज्या कारणांनी टळतात त्यांत हे एक प्रमुख कारण असून त्याची वाच्यता होत नाही.

वाटांच्या दुरुस्तीची वेळही साधली पाहिजे. भर पावसात दगड बसत नाही आणि फाल्गुनानंतर जमीन पहारीला दाद देत नाही. दसऱ्यानंतर भाताची कापणी उरकेपर्यंत माणसे मोकळी नसतात. तेव्हा कार्तिक-मार्गशीर्षात, जमिनीत ओल शिल्लक असताना आणि गेल्या पावसाने पाडलेल्या चिरा स्पष्ट दिसत असताना, गावकरी, शाळा आणि नेहमी येणारे गिर्यारोहक यांनी दोन दिवस एकत्र काढले तर एका वाटेचे वर्षाचे काम होऊन जाते.