मुलांच्या हाती राक्षस-परीची पुस्तके द्यावीत काय?

“दादा, आम्ही घरातले देव काढले, अंगारे-धुपारे सोडले, आणि आता पोरगा जादूगाराचे पुस्तक घेऊन घरी येतो. वाचू द्यायचे का?” कल्याणच्या वालधुनी भागातील एका भगिनीने विहारातील रविवारच्या वर्गानंतर आम्हाला असे विचारले. तिच्या पतीचे म्हणणे त्याहून सरळ होते. गाईड घेताना ओढाताण होते, तिथे गोष्टीच्या पुस्तकांची चैन कशाला?

दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. भूत, करणी, नवस-सायास यांच्या भीतीने आपल्या आज्या-पणज्या पिळून निघाल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी त्या चरकातून आपल्याला बाहेर काढले. अशा घराने मुलाच्या हातातील पुस्तकाकडे संशयाने पाहिले तर त्यात नवल नाही. तरीही आमचे स्पष्ट मत असे की, ही पुस्तके मुलांना द्यावीत, भरपूर द्यावीत, आणि देण्यापूर्वी जमल्यास आपणही वाचावीत.

भगत सांगतो, “हे खरे आहे, कोंबडा आण, पैसे ठेव.” गोष्ट सांगणारा म्हणतो, “एक होता राक्षस.” पाच वर्षांचे पोरही हा फरक ओळखते. भगताच्या भुतापुढे मोठी माणसे वाकतात, गोष्टीतल्या राक्षसाला मात्र एखादे चिमुरडे पोर अकलेने फजित करते. कल्पना आणि अंधश्रद्धा या सख्ख्या बहिणी नव्हेत. आणि गाईडबद्दल म्हणाल, तर ज्या मुलाला दोनशे पानांची गोष्ट एका दमात वाचण्याची सवय लागली, त्याला इतिहासाचा धडा जड जात नाही, हे आम्ही रविवारच्या वर्गात पाहत आलो आहोत.

आपल्याच घरातले उदाहरण घ्या. पाली जातकसंग्रहात ५४७ जातककथा आहेत. बोलणारी माकडे, शहाणे हत्ती, यक्ष, समुद्रातले चमत्कार, सारे त्यात आहे. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत त्या मराठीत आणल्या. त्यातले सुप्पारक जातक आम्ही आठ-नऊ वर्षांच्या मुलांना नेहमी सांगतो. सुप्पारक हा भरुकच्छचा, म्हणजे आजच्या भडोचचा तांडेल. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेलेले. पुढे तो राजाकडे पारख्याच्या कामाला लागला. हत्ती, घोडा, रथ, काहीही आणा, हात फिरवून त्यातली खोट तो अचूक सांगायचा. एवढ्या गुणाला राजा दर वेळी आठ नाणी टेकवायचा! त्याने ती चाकरी सोडली. (आमच्या वर्गातली मुले इथे हमखास टाळ्या वाजवतात.) मग सातशे व्यापारी त्या आंधळ्या तांडेलाला आपल्या गलबतावर घेऊन गेले. वादळाने गलबत अनोळखी समुद्रांत भरकटले. कुठे पाणी आगीसारखे झळकते, कुठे दुधासारखे पांढरे दिसते. डोळस लोक घाबरून विचारतात आणि आंधळा माणूस सांगतो, हा अमुक समुद्र, याच्या तळाशी हिरे आहेत, त्याच्या तळाशी सोने आहे. अखेर समुद्राचा अक्राळविक्राळ भोवरा समोर येतो, आणि आजवर जाणूनबुजून एकाही प्राण्याची हिंसा केली नाही या सत्याच्या बळावर तो गलबत परत आणतो.

सत्याच्या बळावर गलबत परत फिरले हाही चमत्कारच झाला. मग काय करायचे? मुलांना सांगायचे की ही गोष्ट आहे, आणि विचारायचे, “तुमच्या मते तो खरोखर कसा वाचला असेल?” एका मुलीने आम्हाला सांगितले, “वाऱ्याची दिशा त्याला गालावर कळत असेल.” तांडेलाचे हे नाव म्हणजे आपल्या सोपाऱ्याचे पाली नाव आहे, हेही सांगावे. त्या काळी सोपारा हे मोठे बंदर होते. कल्याणही तसेच. कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणची माणसे आहेत. दिवा-वसई गाडीने जाऊन पुढे एक स्टेशन गाठले की नालासोपारा, आणि तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी खणलेला स्तूप. सिंदबादच्या सफरी मुलांनी जरूर वाचाव्यात, पण बंदरे आणि गलबते फक्त बगदादवाल्यांची होती असे त्यांना वाटू नये.

अगदी लहानांसाठी फार शोधाशोध नको. अक्षरओळख होण्याआधी चित्रे बोलली पाहिजेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके, नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतली पुस्तके, आणि विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’. शेवटचे मोठ्याने म्हणायचे पुस्तक आहे. आईने भाकऱ्या थापताना म्हटले तरी चालते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा मोबाइलवर फुकट मिळतात. मोबाइल पोराच्या हातात जातोच, तर निदान हे तरी उघडून द्यावे.

‘चांदोबा’ आता निघत नाही, पण रद्दीवाल्याकडे जुने अंक सापडतात. त्यात दयाळू राजा आणि गरीब ब्राह्मण ही जोडी फार, हे खरे. मात्र विक्रम-वेताळाच्या गोष्टीत शेवटी वेताळ कोडे घालतो, आणि तिथे पोरांची डोकी चालू लागतात. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी यापरता स्वस्त खजिना आम्हाला ठाऊक नाही.

याच वयात भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ हाती पडावा. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकलवर टांग मारून कुठल्या भानगडीत शिरेल याचा नेम नसतो. त्याचे जग पुण्याच्या शाळेचे आणि बोर्डिंगचे आहे. पत्रीपुलाखालच्या किंवा वागळे इस्टेटमधल्या पोराला त्यात आपली वस्ती दिसणार नाही, हे आम्हाला खटकते. पण वेग असा की पुस्तक खाली ठेववत नाही. भागवतांनीच फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठीत आणला. त्यातले ‘चंद्रावर स्वारी’ मूळ १८६५ सालचे. माणूस खरोखर चंद्रावर उतरला १९६९ साली. आधी शंभर वर्षे कल्पनेत उतरला, मग पायाने, हे मुलांना सांगून पाहा.

काही पुस्तके देताना मात्र शेजारी बसावे. ‘रॉबिन्सन क्रूसो’ हे १७१९ सालचे पुस्तक साहसकथांचे मूळपीठ समजले जाते. निर्जन बेटावर एकट्याने घर, शेती, होडी करणारा माणूस मुलांना आवडतोच. परंतु त्याचे जहाज फुटले ते तो गुलाम आणायला निघाला होता तेव्हा, ही गोष्ट बालआवृत्त्यांतून बरेचदा गाळलेली असते. पुढे ज्या माणसाचा तो जीव वाचवतो, त्याला ‘फ्रायडे’ असे नाव स्वतःच ठेवतो आणि ‘मालक’ म्हणायला शिकवतो. आम्ही मुलांना एवढेच विचारतो, “फ्रायडेचे खरे नाव काय होते?” पुस्तकभर शोधूनही ते सापडत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे गावकऱ्यांनी कशी मोडून टाकली होती, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता वालधुनीच्या भगिनीचा जादूगार. ते पुस्तक होते ‘हॅरी पॉटर आणि परीस’. मूळ इंग्रजी १९९७ चे, मराठी अनुवाद मंजुल प्रकाशनाचा. जिन्याखालच्या खोपटात झोपणारा, नातेवाइकांनी नोकरासारखा राबवलेला अनाथ मुलगा त्याचा नायक आहे. दुसऱ्या भागात खरी गंमत येते. जादूच्या शाळेत काही श्रीमंत पोरांना आपल्या शुद्ध रक्ताची घमेंड असते. हर्माइनी ही वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, पण तिचे आईबाप जादूगार नाहीत, म्हणून तिला घाणेरड्या रक्ताची असे हिणवले जाते. आणि डॉबी नावाचा घरगडी पिढीजात गुलाम असतो. मालकाकडून कपडा मिळाला तरच त्याची सुटका, आणि अखेर एका मोज्यावर तो मुक्त होतो. बारा वर्षांच्या आपल्या मुलांना यातले काय समजते ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचावे. आम्ही त्या भगिनीला म्हटले, “ताई, हे पुस्तक आधी तुम्ही वाचा.”

तेरा-चौदाच्या पुढे जयंत नारळीकर. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. यांत अद्भुत आहे आणि त्याच्या मागे विज्ञान आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. आपले नाव पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून! तिला पहिले बक्षीस मिळाले. आडनाव पाहून गुण कमी झाल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो, म्हणून ही मुद्दाम सांगितली.

आणि ‘फकिरा’. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ ची ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. आपण तिला सामाजिक कादंबरी म्हणून कपाटात ठेवतो. अहो, घोड्यावरचा पाठलाग, दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटणे, इंग्रजांचा खजिना लुटणे, याहून मोठी साहसकथा कोणती? रक्तपात आहे, तेव्हा आठवी-नववीच्या आधी नको. मुलींनाही द्यावी. पाणी भरून, धाकट्याला सांभाळून उरलेला तासभर त्यांच्या वाट्याला येतो. तो तास सलग मिळेल एवढे पाहावे.

विकत घेणे परवडत नसेल तर ग्रंथालये आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी १९८६ पासून चालू. आपली माणसे तिथल्या पायऱ्या चढायला अजून बिचकतात. पहिल्या दिवशी मुलाबरोबर जावे, वर्गणी व अनामत किती ते विचारावे, फॉर्म मुलाला स्वतः भरू द्यावा. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर ग्रंथ घेताना एक पुस्तक मुलांसाठीही घ्यावे.

विहारात एक लोखंडी कपाट आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते. वहीत तारीख, मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव, परत आल्याची तारीख असे चार रकाने पुरतात. फाटून आलेल्या पुस्तकाला दंड लावू नये, डिंक आणून ठेवावा. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन बहुतेक ठिकाणी चालतेच. त्याआधीचा अर्धा तास मुलांना द्यावा, आणि पहिल्या दिवशी आंधळ्या तांडेलाची गोष्ट वाचावी.