4-2-3-1 म्हणजे नेमकं काय?

कबड्डीतला कोपरारक्षक काय करतो, हे जळगाव-धुळ्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फुटबॉलचे आकडे मात्र कोड्यात टाकतात. ते आपल्या गोलकडून पुढे मोजायचे, गोलकीपर सोडून: चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोन मध्यरक्षक, मग तिघं आणि टोकाला एकटा आघाडीवीर.

10 सप्टेंबर 2019 ला दोह्यात, विश्वचषक पात्रता फेरीत भारतानं आशियाई विजेत्या कतारला 0-0 असं रोखलं, तेव्हाची मांडणी साधारण अशीच होती. बचावफळीत मुंबईकर राहुल भेके उजव्या बगलेला, गोव्याचा मंदार राव देसाई डाव्या. मंदार मूळचा हल्ला करणारा विंगर. क्लबनं त्याला मागे खेळायला शिकवलं. अशा खेळाडूला कधी धावत पुढे जायचं हे उपजत कळतं, कधी जायचं नाही हे शिकावं लागतं. त्यांच्यापुढच्या दोन मध्यरक्षकांपैकी रॉलिन बोर्जेसचं काम दिसायला नीरस: बचावफळीसमोरची जागा सोडायची नाही. माझ्या मते संघाचा तोल तिथेच ठरतो.

आघाडीवीर सुनील छेत्री आजारपणामुळे नव्हता, म्हणून टोकाला मनवीर सिंग. चेंडू कतारकडे असला की विंगरही मागे येत. कागदावरचे आकडे तेव्हा 4-5-1 होत. तरी फट पडायचीच, आणि तिथे गोलकीपर-कर्णधार गुरप्रीतसिंग संधू उभा होता. पाचच दिवस आधी गुवाहाटीत ओमानविरुद्ध 82व्या मिनिटापर्यंत आघाडीवर राहून हाच संघ 1-2 हरला होता.