सहा पुसलेले, एक नकोसा

ॲबर्डीनमध्ये ओळखीचं माणूस समोर आलं की 'फिट लाइक?' असं विचारतात. इथल्या बोलीत त्याचा अर्थ 'काय, कसं काय?' एवढाच. तेलाच्या कामासाठी मी या गावात आलो तेव्हा पहिले दोन-तीन महिने मला वाटायचं, हे लोक माझ्या फिटनेसची चौकशी करतायत. मीही पोट आत घेऊन 'एकदम फिट' म्हणून सांगायचो. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं समजावलं. आयुष्य मासेमारीच्या ट्रॉलरवर काढलेला माणूस. मी कोल्हापूरचा आणि तिथं तालमीच्या संघातून सेंटर फॉरवर्ड खेळायचो हे कळल्यावर त्यानं घरात बोलावून चहा पाजला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "डेनिस लॉ माहीत आहे?"

नाव माहीत होतं. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर बेस्ट, लॉ आणि चार्लटन अशा तिघांचा पुतळा आहे, त्यातला एक हात वर केलेला मधला. पण तो ॲबर्डीनचा, हे मला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला.

डेनिस लॉचा जन्म 24 फेब्रुवारी 1940 चा, इथल्या वुडसाइड भागातल्या प्रिंटफील्ड टेरेसवरचा. बाप ट्रॉलरवर, सात भावंडं, हा शेंडेफळ. बारा वर्षांचा होईपर्यंत पायात धड बूट नव्हते, असं सांगतात. इथला जानेवारी मी काढलाय. समुद्रावरून येणारं वारं जाड जॅकेटातूनही आत शिरतं, त्यामुळे हे वाक्य मला नुसतं वाचून पुढं जाता येत नाही. त्यात पोराच्या डोळ्यात तिरळेपणा. चष्मा लावून हेडर मारता येत नाही, म्हणून तो चष्मा काढून, एक डोळा मिटून खेळायचा. अभ्यासात बरा होता. ग्रामर स्कूलमध्ये जागा मिळत होती, पण तिथं रग्बी खेळत, फुटबॉल नाही. पोरानं ती जागा सोडली आणि पोविसच्या शाळेत गेला. आमच्याकडं एखाद्या पोरानं असं केलं असतं तर बापानं चपलेनं बडवलं असतं.

1955 साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड टाउननं त्याला चाचणीला बोलावलं. हाडांचा सापळा, त्यावर चष्मा. मॅनेजर अँडी बीटीला हा फुटबॉलपटू वाटेचना. पण बॉल पायात आला आणि त्याला ठेवून घेतलं. तिथं असतानाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढं लिव्हरपूलमुळे अजरामर झालेले बिल शँक्ली तेव्हा हडर्सफील्डला मॅनेजर झाले होते. त्यांनी 1956 च्या डिसेंबरात सोळा वर्षांच्या या पोराला पहिल्या संघात उतरवलं. अठराव्या वर्षी तो स्कॉटलंडकडून खेळला. मार्च 1960 मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याला 55 हजार पौंडांना घेतलं, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम.

इथून पुढची गोष्ट नीट ऐका, कारण म्हाताऱ्यानं ती मला टेबलावर बिस्किटं मांडून सांगितली होती.

28 जानेवारी 1961. एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेचा सामना, लूटनच्या मैदानावर. आभाळ फाटलेलं, मैदानाचं शेत झालेलं. सिटी दोन गोलनी मागं. मग एकट्या लॉनं सहा गोल मारले. सहाही त्याचेच. 6-2. आणि 69 व्या मिनिटाला रेफरीनं सामना थांबवला. चिखलात बॉल पुढं सरकत नव्हता. कपचा नियम असा की अर्धवट राहिलेला सामना मुळात झालाच नाही असं धरायचं. चार दिवसांनी पुन्हा खेळले. लूटन 3-1 नं जिंकलं. सिटीचा एकमेव गोल लॉचाच. म्हणजे एका फेरीत सात गोल मारूनही हा गडी स्पर्धेबाहेर. म्हाताऱ्यानं इथं सहा बिस्किटं उचलून डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

एफए कपमध्ये लॉच्या नावावर 41 गोल आहेत. इयान रशनं पुढं 44 केले. ते सहा धरले असते तर 47 झाले असते. पण पाऊस पडला तो पडला.

त्या काळी इंग्लंडात खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त 20 पौंड द्यायचे असा दंडक होता. 1961 च्या जानेवारीतच तो उठला, पण खरा पैसा इटलीत होता. त्या उन्हाळ्यात लॉ एक लाख दहा हजार पौंडांना तोरिनोकडे गेला. पैसा मिळाला, समाधान नाही. इटलीचा तेव्हाचा खेळ म्हणजे आधी दार लावून घ्यायचं आणि मग खिडकीतून एखादा दगड भिरकावायचा. फॉरवर्डच्या अंगावर सतत दोघं-तिघं. दहा गोल झाले, तिथं हे कौतुकाचंच होतं. फेब्रुवारी 1962 मध्ये सोबती जो बेकर गाडी चालवत असताना भीषण अपघात झाला. बेकर मरता मरता वाचला, लॉला खरचटण्यावर भागलं. त्याच उन्हाळ्यात मॅनेजर मॅट बस्बींनी त्याला मँचेस्टर युनायटेडला आणलं, एक लाख पंधरा हजारांना. बस्बींनी हा पोरगा सोळा वर्षांचा असतानाच मागितला होता, दहा हजार पौंडांना. हडर्सफील्डनं नाही म्हटलं, आणि सहा वर्षांत किंमत साडेअकरा पट झाली.

युनायटेडमधली वर्षं हा त्याचा खरा बहर. जुन्या फिल्ममध्ये बघा: लांब बाह्यांचा लाल शर्ट, बाह्यांची टोकं मुठीत घट्ट धरलेली, थंडीत पोरं धरतात तशी. उंची पाच फूट नऊ, पण हवेत उडाला की सहाफुटी बॅकच्या वर डोकं. मी फॉरवर्ड होतो म्हणून सांगतो, यात उंचीचा भाग कमी आणि वेळेचा जास्त. बॉल सुटायच्या आधी जमीन सोडावी लागते. ज्याला बॉल कुठं पडणार हे आधी दिसतं त्यालाच ते जमतं. बाकीचे बॉल बघून उडतात आणि उशिरा पोचतात. मी त्यांतलाच. गोल झाला की लॉ एक हात वर करायचा, तर्जनी आभाळाकडं. आज पोरं गुडघ्यांवर घसरतात, कोलांट्या मारतात. तो एका बोटात भागवायचा.

1963 च्या एफए कप फायनलमध्ये लेस्टरविरुद्ध पहिला गोल त्याचा. 1963-64 च्या मोसमात सगळ्या स्पर्धा मिळून 46 गोल. युनायटेडमध्ये हा आकडा आजवर कुणी गाठलेला नाही. 1964 मध्ये बालोन द'ओर, म्हणजे युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. एकाही दुसऱ्या स्कॉटिश माणसाला तो मिळालेला नाही. 1965 आणि 1967 ला लीग. 404 सामन्यांत 237 गोल. स्वभाव तापट, महिना महिना बंदी भोगली. 1966 मध्ये पगारवाढ मागितली तर बस्बींनी त्याला विक्रीला काढलं. मग त्यानं जाहीर माफी मागितली, आणि बस्बींनी आतून वाढ दिली. दोघांची अब्रू राहिली.

स्कॉटलंडचं मात्र त्याला वेगळंच होतं. 15 एप्रिल 1961 ला वेम्बलीवर इंग्लंडनं स्कॉटलंडला 9-3 असं तुडवलं, तेव्हा लॉ संघात होता. 1966 मध्ये इंग्लंड वर्ल्ड कपची फायनल खेळत होतं, तेव्हा हा पठ्ठ्या मुद्दाम गोल्फ खेळायला गेला. वर्षभरात, पुन्हा 15 एप्रिललाच, त्याच वेम्बलीवर स्कॉटलंडनं जगज्जेत्यांना 3-2 नं हरवलं. पहिला गोल लॉचा. स्कॉटलंडचा जिम बॅक्स्टर त्या दिवशी बॉल पायावर नाचवत इंग्लंडची टिंगल करत होता आणि सगळा देश त्यावर खूश. लॉ वैतागला होता. त्याला टिंगल नको होती, नऊ गोल फेडायचे होते. शेजारचा म्हातारा बॅक्स्टरच्या बाजूचा. मी लॉच्या. यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

1968 ला युनायटेडनं बेनफिकाला 4-1 हरवून युरोपियन कप जिंकला. इतकी वर्षं ज्यासाठी खेळले तो दिवस. लॉ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी हॉस्पिटलात पडून होता. गुडघा पुढं पूर्ण बरा झालाच नाही. 1973 मध्ये नवे मॅनेजर टॉमी डोकर्टी यांनी त्याला मोकळं केलं, आणि तेहतिसाव्या वर्षी तो गावातल्याच दुसऱ्या क्लबात, सिटीत, परतला.

इथं मला स्वतःचं थोडं सांगू द्या. कोल्हापुरात पेठ म्हणजे काय हे बाहेरच्याला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसल्याशिवाय कळायचं नाही. मी तीन सीझन एका तालमीकडून खेळलो आणि मग दुसऱ्या पेठेच्या संघात गेलो. पुढच्या वर्षी जुन्या संघाशी गाठ. कॉर्नरवरून आलेला बॉल माझ्या गुडघ्याला लागून आत गेला. मी ठरवलं नव्हतं, हललोही नव्हतो. संध्याकाळी लहानपणापासून ज्याच्याकडं मिसळ खायचो त्याच्याकडं गेलो. कट मागितला तर म्हणाला, "संपला." पातेलं माझ्यासमोर रटरटत होतं.

27 एप्रिल 1974. ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरायच्या काठावर, समोर सिटी, आणि सिटीच्या निळ्या शर्टात लॉ. शेवटची दहाएक मिनिटं, 0-0. साथीदार फ्रान्सिस लीकडून बॉल गोलसमोर आला. लॉची पाठ गोलकडं. त्यानं टाच मागं मारली. बॉल युनायटेडचा गोलकीपर ॲलेक्स स्टेप्नीच्या बाजूनं आत.

फिल्ममध्ये पुढचे काही सेकंद बघवत नाहीत. साथीदार पाठ थोपटायला येतात. हात वर जात नाही, बोट आभाळाकडं होत नाही. खांदे पडलेले, नजर जमिनीवर. लगेच त्याला बदलून बाहेर काढलं. लोक कुंपण ओलांडून मैदानात घुसले, धूर झाला, आणि रेफरीला सामना वेळेआधी थांबवावा लागला.

म्हणजे पुन्हा अर्धवट राहिलेला सामना. पण हा कपचा नव्हता, लीगचा. फुटबॉल लीगनं निकाल कायम ठेवला: 1-0. तेरा वर्षांपूर्वी पावसानं जे सहा पुसले ते त्याला हवे होते. हा एक पुसला असता तर तो आनंदानं घरी गेला असता, आणि नेमका तोच वहीत राहिला. खरं तर त्या दिवशी घसरणीच्या काठावरचंच बर्मिंगहॅम जिंकल्यामुळे युनायटेड तसंही खाली जाणारच होतं. हे पुढं हजार वेळा छापून आलं, तरी 'लॉनं युनायटेडला बुडवलं' हेच लोकांच्या तोंडी बसलं. लीगमधला त्याचा तो शेवटचा गोल. जूनमध्ये पश्चिम जर्मनीतल्या वर्ल्ड कपला तो झाईरविरुद्ध खेळला, स्कॉटलंडकडून पंचावन्नावा आणि अखेरचा सामना. गोल 30. केनी डॅल्ग्लिशचेही तेवढेच, पण 102 सामन्यांत. ऑगस्टमध्ये त्यानं बूट खुंटीला टांगले.

2021 साली त्यानं स्वतःच जाहीर केलं की आपल्याला स्मृतिभ्रंश झालाय. ग्लासगो विद्यापीठानं 2019 मध्ये स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला होता: मेंदूच्या अशा आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट. एका माणसाच्या आजाराचं कारण बोट दाखवून सांगता येत नाही, पण पावसात भिजून जड झालेला चामड्याचा बॉल तो काय वेगानं डोक्यावर घ्यायचा हे फिल्ममध्ये दिसतं. 2020 पासून स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेड मारू देत नाहीत. माझी लेक इथल्या मुलींच्या संघात खेळते. बॉल उंच आला की ती बाजूला होते आणि खाली पडू देते. बघताना माझी मान आपोआप पुढं जाते.

2021 च्याच नोव्हेंबरात ॲबर्डीनमध्ये लॉचा पुतळा उभा राहिला, प्रोव्होस्ट स्कीन्स हाउसजवळ. अनावरणाला तो स्वतः आला होता. 17 जानेवारी 2025 ला तो गेला, 84 वर्षांचा होऊन. बातमी आल्यानंतरच्या रविवारी म्हाताऱ्याला घेऊन मी तिथं गेलो. वारं होतं, बोटं गोठत होती. आम्ही दोघंही बाह्यांची टोकं मुठीत धरून उभे. मी म्हटलं, सिटी, तोरिनो, युनायटेड, स्कॉटलंड, सगळीकडं गोल मारले माणसानं.

"ॲबर्डीन सोडून," म्हातारा म्हणाला. "पोरगा आमच्या क्लबच्या पिटॉड्री मैदानाच्या स्टँडवर वाढला, आणि आमच्याकडून एकही सामना खेळला नाही." मग थोड्या वेळानं, "एक तरी मारायचा होता रे."