पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड : परितेवाडीचा प्रयोग व त्यापासून घ्यावयाचा बोध

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ साली शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेची इमारत त्या वेळी मोडकळीस आलेली होती. तिच्या एका अंगास गुरांचा गोठा होता व दुसऱ्या अंगास कोठार. अशा शाळेतील शिक्षकाने पुढे पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड चिकटविले आणि त्या कोडांमागे कवितांची ध्वनिमुद्रणे, पाठांच्या चित्रफिती, गोष्टी व स्वाध्याय ठेवले. प्रयोगाची उपयुक्तता पटल्यावर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचे जाहीर केले, आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांबाबतही तशीच घोषणा झाली. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, हे सर्वश्रुत आहे. पुरस्काराची चर्चा पुष्कळ झाली. त्यामानाने या साधनाच्या कार्यपद्धतीची चर्चा शिक्षकवर्गात अल्प झाली, आणि वर्गात जाणाऱ्यास खरी गरज तिचीच आहे.

या प्रयोगाचे मर्म यंत्रात शोधू नये. दुसऱ्या इयत्तेतील एखादा मुलगा सायंकाळी घरी पुस्तक उघडून बसला आहे, अशी कल्पना करावी. आई ऊसतोडीहून किंवा शेतमजुरीहून परतलेली. तिला अक्षरओळख नाही. मुलगा एका शब्दापाशी अडतो. शाळेत असता तर गुरुजींना विचारता, घरात विचारावे असे कोणी नाही. सुशिक्षित घरातील मुलास जो आधार न मागता मिळतो, तो या मुलास मिळत नाही, आणि दोघांतील अंतर दररोज संध्याकाळी थोडेथोडे वाढत जाते. पानावरील कोडामुळे गुरुजींचा आवाज त्या घरात पोहोचू शकतो. तोच परिच्छेद मुलगा दहा वेळा ऐकू शकतो आणि दहाव्या वेळीही आवाज चिडत नाही. कोडाचे महत्त्व एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

आता हा कोड म्हणजे काय ते पाहू. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. काळ्यापांढऱ्या चौकटींच्या जाळ्यात माहिती साठविलेली असते. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कॅमेऱ्यास कोड कोठे आहे व कोणत्या बाजूस वळलेला आहे हे सांगतात. म्हणूनच पुस्तक आडवे वा उलटे धरले तरी तो वाचला जातो. खेड्यापाड्यांतील मुलांनी हे चिन्ह किराणा दुकानात पैसे देण्याच्या फलकावर पाहिलेले असते व तेथे सर्रास त्यास ‘स्कॅनर’ म्हणतात. वास्तविक वाचणारा तो मोबाइल. चिन्ह हे केवळ वाचले जाणारे लिखाण. हा भेद मुलांस प्रथमच समजावून द्यावा.

अनेक शिक्षकांची अशी समजूत असते की, कविता किंवा चित्रफीत त्या चौकोनातच साठविलेली आहे. तसे नाही. मोठ्यात मोठ्या क्यूआर कोडात २,९५३ बाइट मावतात. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास सामान्यतः तीन बाइट लागतात. म्हणजे सुमारे ९८० चिन्हे, अर्थात जेमतेम दीडशे शब्द. एका मिनिटाच्या साध्या ध्वनिमुद्रणासही चार-पाच लक्ष बाइट लागतात. तेव्हा कोडात असतो तो केवळ पत्ता. वस्तू दूर कोठेतरी संगणकावर ठेवलेली असते. पाकिटावरील पत्ता म्हणजे पत्र नव्हे, तसेच हे आहे.

या एका गोष्टीतून बऱ्याच व्यावहारिक गोष्टी निघतात. पत्ता जितका लांब तितकी जाळी दाट होते आणि स्वस्त मोबाइलचा कॅमेरा तितका अडखळतो. म्हणून पत्ता आखूड असावा. कोडाभोवती चारही बाजूंस पांढरी मोकळी पट्टी सोडावी. जागा वाचविण्यासाठी ती कापून टाकल्यास कोड वाचला जात नाही. चिन्हाचा थोडा भाग मळला वा फाटला तरी माहिती भरून काढण्याची गणिती योजना त्यात असते. तिच्या चार पायऱ्या असून सर्वांत वरच्या पायरीत सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी निभावते. मुलांच्या हाताळणीतील पुस्तकांसाठी वरचीच पायरी निवडावी. तक्त्यावर चिकटवावयाच्या कोडावर चकचकीत प्लास्टिक लावू नये, कारण खिडकीचा उजेड त्यावर परावर्तित होतो.

पत्ता छापला गेला की बदलत नाही. पण त्या पत्त्यावरील ध्वनिमुद्रण बदलता येते, व हा मोठाच लाभ आहे. उलटपक्षी ध्वनिमुद्रण तेथून काढून टाकले, तर पानावर राहतो तो नुसता ठिपक्यांचा चौकोन. काही संकेतस्थळे फुकट कोड तयार करून देतात, परंतु तो त्यांच्याच मध्यस्थीने चालतो आणि ठराविक मुदतीनंतर पैसे न भरल्यास बंद पडतो. शिक्षकांनी असा कोड घेऊ नये. आणखी एक चूक तर नित्याची आहे. शिक्षक आपले ध्वनिमुद्रण गूगल ड्राइव्हवर ठेवतात, कोड करतात, आपल्या मोबाइलवर तपासतात व समाधान पावतात; परंतु ते इतरांस पाहण्यास खुले करावयाचे राहून जाते. त्यामुळे ते शिक्षकांच्या मोबाइलवर चालते आणि पालकांच्या मोबाइलवर अडते. पालक बिचारे आपल्यालाच जमत नाही असे समजून गप्प बसतात. कोड नेहमी दुसऱ्याच्या मोबाइलवर तपासावा.

२०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या शासकीय मंचाशी जोडलेल्या पाठ्यपुस्तकांत कोडाखाली सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो. कॅमेरा बिघडलेला असल्यास तो टंकित करून तोच पाठ मिळतो. ज्या वस्तीवर रेंज येत नाही तेथे पाठ आधी मोबाइलमध्ये उतरवून घेता येतात. या दोन्ही सोयी पालकसभेत प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. नुसत्या सांगून भागत नाही.

वर्गातील वापराविषयी अनुभव असा की, एकच मोबाइल असला तरी काम होते. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात. पहिलीची मुले शिक्षकांजवळ अक्षरे गिरवीत असताना दुसरीची पाच-सहा मुले कोपऱ्यात बसून कविता ऐकू शकतात. मात्र ऐकून झाल्यावर त्यांनी काय करावयाचे हे पाठटाचणात आधी लिहिलेले असले पाहिजे. तसे नसेल तर मोबाइल हे मुले शांत बसविण्याचे साधन होऊन बसते आणि त्याहून मोबाइल नसलेला बरा. तीन-चार मिनिटांहून लांब ध्वनिमुद्रण करू नये. शहरातील निवेदकाच्या घोटीव आवाजापेक्षा वर्गशिक्षकाचा ओळखीचा आवाज लहान मुलांस अधिक धरून ठेवतो. आवाज गोड नाही म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. गावातील एखाद्या आजीबाईंकडून ओवी किंवा गोष्ट मुद्रित करून तिचाही कोड पुस्तकात लावता येईल.

आता उरतात ती मोबाइल नसलेली घरे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा या घरांतील मुले किती दूर फेकली जातात हे सर्वांनी पाहिले. अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर दिवसभर कामावर जातो. अशा मुलांची वर्गवार यादी जून महिन्यातच करावी व घरी देण्याचा कोडाधारित स्वाध्याय ती यादी समोर ठेवून ठरवावा. शेजारच्या घरी दोघांनी मिळून ऐकणे, शाळा सुटल्यावर अर्धा तास शाळेचा मोबाइल उपलब्ध ठेवणे, किंवा सकाळी परिपाठापूर्वी ऐकविणे, यांपैकी जे जमेल ते करावे. ज्या मुलास ऐकावयास मिळाले नाही त्यास दुसऱ्या दिवशी वर्गात त्याविषयी प्रश्न विचारू नये. त्याच यादीच्या मागील बाजूस पुस्तकातील कोडांचे पृष्ठांक लिहून प्रत्येक सत्राच्या आरंभी ते एकेक उघडून पाहावेत. जो उघडत नाही त्यावर कोरा कागद चिकटवावा व नवा कोड मिळेपर्यंत तो पाठ शिक्षकांनी स्वतः वाचून दाखवावा.