गाडी नवी नसली तरी कामं नवी असतात

मैत्रिणींनो, जुनी गाडी दारात आली की आपल्याकडे काय काय होतं ते आठवा. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवतात, गल्लीत पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी गाडी जाते ती सीट कव्हर, टेप आणि मागच्या काचेवर मुलांची नावं टाकून घ्यायला. बोनेट उघडून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. "चालतेय ना? मग कशाला हात लावायचा?" असं घरातले पुरुष म्हणतात आणि विषय संपतो.

मला हे पटत नाही. ज्याला गाडी विकायचीच आहे, तो शेवटच्या वर्ष-दोन वर्षांत तिच्यावर पैसे कशाला घालेल? ऑइल पुढच्या महिन्यात, टायर दिवाळीनंतर, असं करत करत त्याने ढकललेली सगळी कामं किल्लीबरोबर आपल्या हातात येतात. गाडीची किंमत आपण घासाघीस करून ठरवतो, पण या कामांची किंमत कुणी विचारतच नाही.

आम्ही जळगावला राहतो, माझं माहेर धुळ्याचं. बचत गटांच्या कामासाठी मला एरंडोल, पारोळा, धरणगावकडे सारखं जावं लागतं. एसटीने संध्याकाळची बैठक संपवून परतणं अवघड होऊ लागलं, तेव्हा 2025 च्या दसऱ्याला आम्ही धुळ्याहून 2012 ची सॅन्ट्रो झिंग घेतली. मीटरवर आकडा होता 58 हजार किलोमीटर. विकणाऱ्याचं एकच पालुपद, "वहिनी, डॉक्टरांची गाडी, एकदम कंडिशनमध्ये!" मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं तर आतल्या कडेला ऑइल बदलल्याचं एक मळकं स्टिकर दिसलं. तारीख 2021 ची आणि किलोमीटर 74 हजार. गाडी चार वर्षं उलटी चालली की काय? "दुसऱ्या गाडीचं असेल," एवढंच तो म्हणाला. ते स्टिकर दाखवून ह्यांनी 15 हजार कमी करून घेतले.

पण त्या स्टिकरने आणखी एक गोष्ट सांगितली. मीटरवर भरवसा नाही, बिलं नाहीत, म्हणजे या गाडीत काय कधी बदललंय हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी ते बदललेलंच नाही असं धरायचं आणि आजपासून तारीख लावायची.

अजिंठा चौफुलीकडच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. मिस्तरी धुळ्याकडचेच निघाले. "इंजिन भारी शे ताई," म्हणाले आणि मग एकेक भाग काढून माझ्यापुढे ठेवायला लागले.

पहिला टायमिंग बेल्ट. आपल्या शिलाई मशीनचा पट्टा असतो ना, तसाच हा इंजिनच्या आतला दातेरी रबरी पट्टा. तो तुटायच्या आधी आवाज करत नाही, दिवा लावत नाही. तुटला की गाडी हायवेवर जागच्या जागी उभी, आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून खर्च चौपट होतो. आमच्या पट्ट्याला बारीक भेगा पडल्या होत्या. सगळ्या गाड्यांना असा पट्टा नसतो, काहींना साखळी असते. आपल्या गाडीला काय आहे आणि ते कधी बदलायचं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक मागून घ्यायला लाजू नका.

दुसरं रेडिएटर. त्यात कूलंटच्या जागी गढूळ तांबूस पाणी निघालं. आपल्या खान्देशात हा प्रकार फार. पाणी कमी झालं की बोअरचं पाणी ओतून मोकळे! त्या पाण्यातल्या क्षारांनी घरच्या गिझरचं आणि कळशीचं काय होतं ते आपण बायका रोज बघतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांचंही तेच होतं. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेला की इंजिनला सहन होत नाही. रेडिएटर धुऊन घेतला, फुगलेले होज पाइप बदलले, नवीन कूलंट भरलं.

ब्रेक ऑइल काळं झालं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. लेक छत्रपती संभाजीनगरला शिकते, म्हणजे आम्हाला अजिंठ्याचा घाट चुकत नाही. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून हे ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल नुसतं खाली जातं. पॅड आणि लायनरही झिजलेले होते. टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूला चार आकडे असतात ते मिस्तरींनी दाखवले: 3517. म्हणजे 2017 सालचा पस्तिसावा आठवडा. रबर कडक झालेलं. चारही टायर बदलले.

ऑइल, फिल्टर, बॅटरी धरून सगळे मिळून 31 हजार लागले. सीट कव्हर अजून जुनंच आहे, त्यावरून ह्यांची थोडी कुरकुर चालू असते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, म्हणून पेट्रोलचे जुने रबरी पाइप तेवढे वर्षभराने पुन्हा बघायचे, असं मिस्तरींनी बजावलंय.

कागदांचंही एक राहिलेलं कामच असतं. गाडी नावावर करायचा अर्ज 30 दिवसांत आरटीओत द्यायचा आणि विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. समोरच्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने आपल्याकडे येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा आपोआप येत नाही. "सवडीने करू" म्हणणाऱ्या घरात नेमकं हेच राहतं. शिवाय 15 वर्षं भरली की गाडी पुन्हा पास करावी लागते. आमची 2027 मध्ये भरतात, तो खर्चही मी आधीच धरून ठेवलाय.

हे पैसे आधी बाजूला काढायचं मला सुचलं ते गटातल्या एका बाईमुळे. ती आणि तिचा नवरा आठवडी बाजारांत तयार कपडे विकतात. 2024 मध्ये त्यांनी गटाकडून 1 लाख 10 हजार कर्ज काढून जुनी ओम्नी घेतली. सगळी रक्कम किमतीतच गेली, गॅरेजसाठी रुपया उरला नाही. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. "सीट जरा जास्तच तापतं," असं ती दोन महिने सांगत होती. ऐन मे महिन्यात, लग्नसराईच्या बाजाराला जाताना पाळधीजवळ इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट उडालं. सहा बाजार बुडाले, दोन हप्ते थकले. बैठकीत ती मान खाली घालून बसली होती. तेव्हा एक आजी बोलल्या, "म्हैस घेताना चाऱ्याचे पैसे बाजूला ठेवतोच ना आपण? मग गाडीचेच का नाही?"

त्या दिवसापासून गटाने ठरवलं की जुन्या गाडीच्या कर्जातला पाचवा हिस्सा गटाकडेच राहील आणि तो गॅरेजचं बिल आणल्यावरच मिळेल. शिवाय सौदा करायच्या आधी मिस्तरीकडून काढायच्या कामांचा अंदाज लिहून आणायचा. मालवाहू रिक्षा घ्यायला निघालेल्या पहिल्या बाईने या अटीवर नाक मुरडलं. सौद्याच्या वेळी मात्र तिने तोच कागद रिक्षावाल्यासमोर ठेवला आणि 8 हजार सोडवून घेतले.