पेशीपटलावरील हुकूम आणि ते रद्द करणारे

सन 1952 मध्ये बॉस्टनचे डॉ. चार्ल्स लोव आणि त्यांचे सहकारी यांनी, डोळे अधू, मूत्रपिंडे दुबळी आणि बुद्धीची वाढ खुंटलेली अशा बालकांच्या एका विकाराची नोंद वैद्यकाच्या दप्तरी केली. आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल येथे मेबल व लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्या किरणोत्सारी फॉस्फरसच्या द्रावणात ठेवून त्यांत ॲसिटिलकोलीन घातले, तेव्हा पेशींतील मेदद्रव्यांत तो फॉस्फरस कितीतरी अधिक वेगाने शिरू लागल्याचे त्यांना आढळले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल, अशी शंका कोणाच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते. मेद म्हणजे पेशीची भिंत, निरोपांच्या कारभारात तिला स्थान ते कसले, असाच त्या काळचा सर्वसाधारण समज होता.

बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मिशेल यांनी 1975 मध्ये फॉस्फरस शिरणाऱ्या या मेदाचे विघटन आणि पेशीतील कॅल्शियमची वाढ यांची सांगड घातली खरी, पण पुरावा हाती आला तो 1983 मध्ये, जेव्हा मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, फॉस्फोलायपेज-सी या विकराने मेदरेणू चिरला असता त्याचा जलविद्राव्य अंश पेशीच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे करतो, हे दाखवून दिले. आणि तेही, पाहा, स्वादुपिंडाच्याच पेशींत.

हुकूम सोडणाऱ्या विकरांचा असा गाजावाजा झाला. ते रद्द करणाऱ्या विकरांकडे लक्ष गेले ते मात्र रोगांमुळे, आणि माझ्या मते या इतिहासाचा खरा मोलाचा भाग तोच होय. लोव यांच्या रुग्णांतील सदोष जनुक 1992 मध्ये सापडले, आणि त्यापासून घडणारे विकर फॉस्फोलायपेज-सी ज्या मेदरेणूला चिरते त्याच रेणूवरील एक फॉस्फेट काढून घेते, हे 1995 मध्ये उमगले. कर्करोगाच्या तपासात 1997 मध्ये हाती लागलेले पीटेन हे विकर आधी प्रथिनांवर काम करणारे म्हणून जमेस धरले गेले होते. पुढच्याच वर्षी माएहामा आणि डिक्सन या संशोधकांनी त्याचे खरे लक्ष्य मेद असल्याचे सिद्ध केले. ल्युईस कँटली यांच्या प्रयोगशाळेत उजेडात आलेले पीआय-3 कायनेज हे विकर मेदाला जे फॉस्फेट लावते, नेमके तेच पीटेन उतरवते. पीटेन नष्ट झाले की वाढीचा हुकूम बेमुदत जारी राहतो.

अमेरिकेत 2019 मध्ये स्तनाच्या कर्करोगावर मंजूर झालेले अल्पेलिसिब हे औषध या कायनेजला आवर घालते. परंतु इन्शुलिनचा हुकूमही त्याच विकराच्या हातून पुढे जात असल्यामुळे रुग्णाची रक्तशर्करा चढते, आणि गाठीचा बंदोबस्त करू पाहणाऱ्या डॉक्टरांना आरंभापासूनच साखरेचा हिशेबही ठेवावा लागतो.